पडद्यावरचे तुकोबा आणि टायटॅनिकवरचा अधिकारी

‘आधी बीज एकले’ हा अभंग तुकाराम महाराजांचाच आहे, असे मनापासून मानणारी माणसे महाराष्ट्रात आजही सहज भेटतात. गाथा उघडून शोधू लागले तर मात्र तो तिथे सापडत नाही. प्रभात फिल्म कंपनीच्या १९३६ सालच्या ‘संत तुकाराम’ या बोलपटासाठी शांताराम आठवले यांनी तो लिहिला, केशवराव भोळे यांनी त्याला चाल लावली आणि विष्णुपंत पागनीस यांच्या आवाजात तो घरोघरी पोहोचला. भाषा इतकी तुकोबांच्या वळणाची होती, आणि पागनीसांचा चेहरा इतका तुकोबांचा होऊन गेला होता, की शंका यायला जागाच उरली नाही. यात कोणाचे काही बिघडले असे वाटत नाही. उलट एका चांगल्या कवीने संताच्या छायेत उभे राहून एक चांगले गीत दिले, एवढेच घडले.

आता दुसरे उदाहरण पाहू. १९९७ साली आलेल्या ‘टायटॅनिक’ या चित्रपटात जहाजाचा फर्स्ट ऑफिसर विल्यम मर्डॉक होडीकडे झेपावणाऱ्या प्रवाशांवर गोळी झाडतो आणि मग स्वतःवर पिस्तूल रोखून जीव देतो. मर्डॉक खराखुरा माणूस होता, स्कॉटलंडमधल्या डलबीटी या गावचा. एका अधिकाऱ्याने गोळ्या झाडल्याचे काही वाचलेल्या प्रवाशांनी सांगितले होते, पण तो अधिकारी मर्डॉकच होता असे सिद्ध झालेले नाही. गावाला तो आठवत होता तो होड्या पाण्यात सोडता सोडता बुडालेला माणूस म्हणून. नातेवाईक आणि गावकरी दुखावले, आणि १९९८ मध्ये चित्रपट कंपनीचा एक वरिष्ठ अधिकारी डलबीटीला गेला, त्याने माफी मागितली आणि गावच्या शाळेतल्या मर्डॉकच्या स्मृतिनिधीला पाच हजार पौंड दिले.

दोन्हीकडे कृती एकच आहे. जिथे नोंद गप्प होती तिथे चित्रपटाने आपल्या पदरचे काहीतरी घातले. एका ठिकाणी त्याचे सोने झाले, दुसऱ्या ठिकाणी मेलेल्या माणसाच्या माथी खून लागला. खऱ्या दुर्घटनांवरचे आणि धार्मिक कथांवरचे चित्रपट समजून घ्यायचे असतील तर ‘यात खरे किती आणि खोटे किती’ हा आपला नेहमीचा प्रश्न फारसा कामाचा नाही. रिकामी जागा कुठे होती, ती कशाने भरली आणि त्याची किंमत कोणाला मोजावी लागली, हे विचारले की पुष्कळ गोष्टी उलगडतात.

मुळात रिकामी जागा भरावीच का लागते? कागदावरची नोंद ही कमालीची काटकसरी असते. अमुक दिवशी अमुक ठिकाणी अमुक घडले, इतकी माणसे दगावली, एवढेच ती सांगते. बखरकार किंवा पोथीकारही फार तर दोन ओळी जास्त देतो. पण त्याच प्रसंगाचे दृश्य उभे करायचे म्हटले की दिवस होता की रात्र, कोण कुठे उभे होते, अंगावर काय होते, कोण काय बोलले आणि बोलताना कोणाकडे पाहत होते, हे सगळे ठरवावेच लागते. इतिहास लिहिणाऱ्याला ‘बहुधा’ असे लिहून पुढे जाता येते. कॅमेऱ्याला ती सोय नाही, कारण पडद्यावर जे दिसते ते घडलेलेच दिसते. म्हणून अत्यंत प्रामाणिक दिग्दर्शकालाही कल्पना करण्यावाचून गत्यंतर नसते, आणि ‘आम्ही फक्त सत्यच दाखवले’ असा दावा कोणी केला तर तो भाबडा तरी असतो किंवा जाहिरातीचा भाग तरी असतो.

धार्मिक कथांच्या बाबतीत ही भर घालण्याची रीत सिनेमाच्या कितीतरी आधीपासूनची आहे. लक्ष्मणरेषा आणि शबरीची उष्टी बोरे हे रामकथेतले प्रत्येकाला ठाऊक असलेले दोन प्रसंग, पण वाल्मीकी रामायणात ते नाहीत. नंतरच्या कवींनी, कथेकऱ्यांनी ते घातले आणि लोकांनी ते आपलेसे केले. महिपतींनी संतांची चरित्रे अठराव्या शतकात लिहिली, म्हणजे तुकाराम महाराजांच्या निर्वाणानंतर शंभरावर वर्षांनी. कीर्तनकार उत्तररंगात, म्हणजे कीर्तनाच्या उत्तरार्धात, आख्यान लावतो तेव्हा श्रोते त्याच्याकडे पुरावा मागत नाहीत. त्याने रंग भरावा हीच तर अपेक्षा असते. दामले आणि फत्तेलाल यांनी ‘संत तुकाराम’ केला तो याच परंपरेत बसून. त्यातली जिजाई, म्हणजे आपली आवली, संसाराच्या काळजीने करवादणारी, विठ्ठलाला शिव्या घालणारी आणि तरीही नवऱ्यावर जीव टाकणारी, ही परंपरेतून घेतली आहे आणि पटकथेने तिला हाडामांसाची केली आहे. तुकोबांचे अभंग आपल्या नावावर खपवणारा सालोमालो तर जवळजवळ विनोदी पात्र आहे. हा बोलपट १९३७ साली व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात गौरवला गेला, पण त्याची खरी परीक्षा गावोगावच्या वारकऱ्यांसमोर झाली आणि तिथे तो उतरला. भर घातली होती, पण ती ऐकणाऱ्याच्या ओळखीच्या सुरात होती.

धार्मिक कथेपुढचा खरा पेच निराळाच आहे. देव, प्रेषित किंवा त्राता पडद्यावर दाखवायचा की नाही?

याचे उत्तर ठिकठिकाणी किती वेगळे आहे हे १९१३ या एका वर्षातच दिसून येते. त्या वर्षी १ जानेवारीपासून लंडनमध्ये ब्रिटिश चित्रपट परिनिरीक्षण मंडळाने काम सुरू केले, तेव्हा त्याच्याकडे ठाम असे दोनच नियम होते: पडद्यावर नग्नता नको आणि ख्रिस्ताची व्यक्तिरेखा नको. त्याच वर्षी ३ मे रोजी गिरगावातल्या कॉरोनेशन थिएटरात दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला आणि त्याच्या शेवटी साक्षात शंकर प्रकट झाला. गंमत अशी की फाळक्यांना चित्रपट काढण्याची प्रेरणा मिळाली ती ख्रिस्ताच्या जीवनावरचा एक परदेशी मूकपट मुंबईत पाहूनच. ख्रिस्त डोळ्यांसमोरून सरकत असताना आपल्याला मनात राम आणि कृष्ण, गोकुळ आणि अयोध्या दिसत होती, असे त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवले आहे.

आपल्याकडे देव दिसणे हाच भक्तीचा मोठा भाग आहे. मंदिरात जाऊन आपण दर्शन घेतो, आणि त्या ‘घेण्या’त पाहणे आणि पाहिले जाणे दोन्ही येते. त्यामुळे फाळक्यांच्या कॅमेऱ्यासमोर अडचण होती ती तंत्राची. ‘लंकादहन’मध्ये मारुती आकाशात उडवायचा कसा, ‘कालिया मर्दन’मध्ये कालियाच्या फण्यावर बाळकृष्ण नाचवायचा कसा, हे त्यांनी ट्रिक फोटोग्राफीने सोडवले, बाळकृष्ण झाली होती त्यांची मुलगी मंदाकिनी. राम पडद्यावर येताच प्रेक्षक पायातल्या वहाणा काढत, अशी आठवण ‘लंकादहन’बद्दल सांगितली जाते. सत्तर वर्षांनी, १९८७ मध्ये दूरदर्शनवर ‘रामायण’ सुरू झाले तेव्हा टीव्हीच्या पेटीला हार घालणारी घरे याच मुशीतली होती.

जिथे दाखवणे वर्ज्य आहे तिथे मात्र दिग्दर्शकाला न दाखवता सांगण्याची कला शोधावी लागते. १९५९ सालच्या ‘बेन हर’मध्ये ख्रिस्त आहे, पण त्याचा चेहरा नाही; पाठ दिसते, हात दिसतो, आणि समोरच्या माणसाच्या नजरेतला बदल दिसतो. याहून कठीण काम मुस्तफा अक्कड या दिग्दर्शकाने १९७६ मध्ये ‘द मेसेज’ करताना अंगावर घेतले. इस्लामच्या उदयाची ही कथा, आणि तिचा नायक म्हणजे प्रेषित महंमद, ते पडद्यावर दिसणार नाहीत आणि त्यांचा आवाजही ऐकू येणार नाही अशी अट. अक्कडने अनेक ठिकाणी कॅमेराच प्रेषितांच्या जागी ठेवला. पात्रे सरळ भिंगात पाहून बोलतात, थांबतात, जणू उत्तर ऐकतात आणि मग त्यावर बोलतात. प्रेषितांचे काका हमजा यांना कथेचा पुढचा चेहरा केले. इंग्रजी आवृत्तीत ते काम अँथनी क्विनने केले आणि अरबी आवृत्ती निराळे अरब नट घेऊन स्वतंत्रपणे चित्रित केली. एवढी काळजी घेऊनही मार्च १९७७ मध्ये वॉशिंग्टनमध्ये बंदूकधाऱ्यांच्या एका टोळीने तीन इमारतींत सुमारे दीडशे लोकांना ओलीस धरले, आणि त्यांच्या मागण्यांपैकी एक होती या चित्रपटाचे प्रदर्शन थांबवण्याची. चित्रपट न पाहताच त्याने दुखावले जाणे ही काही आजची आणि फक्त आपलीच गोष्ट नाही.

दाखवण्याला मुभा असलेल्या परंपरेतही सगळे चालते असे मात्र नाही. जून २०२३ मध्ये ‘आदिपुरुष’ प्रदर्शित झाला आणि काही दिवसांतच निर्मात्यांना त्यातले संवाद बदलावे लागले. तक्रार मुख्यतः मारुतीच्या तोंडच्या नाक्यावरच्या भाषेबद्दल होती. रामकथेत नवे काहीही घातले म्हणून लोक रागावत असते तर लक्ष्मणरेषेवरही रागावले असते. आपल्या जुन्या काव्यशास्त्रात यासाठी ‘औचित्य’ हा नेमका शब्द आहे. प्रेक्षक कल्पना सहज स्वीकारतो, पण त्या पात्राला न शोभणारी कल्पना त्याला खटकते, आणि काय शोभते हे तो पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेल्या कथेवरून ठरवतो. या कसोटीला मी सरसकट चांगले म्हणणार नाही, कारण तिच्या आडून कधी कधी कोणतेही नवे वाचन अडवले जाते. पण प्रेक्षकांची नाराजी कुठून येते ते समजायला ती उपयोगी पडते.

धार्मिक कथेत घातलेल्या भरीने जिवंत माणसांचे कधीच नुकसान होत नाही, असेही समजू नये. युरोपात ख्रिस्ताच्या अखेरच्या दिवसांवरची भक्तिनाट्ये शतकानुशतके होत आली आणि त्यांत ज्यू जमाव ख्रिस्ताच्या रक्ताला आसुसलेला दाखवला जाई. मध्ययुगात ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यात ज्यूंच्या वस्त्यांवर हल्ले होत, त्यामागे या चित्रणाचाही हात होता. ख्रिस्ताच्या मृत्यूचा दोष सगळ्या ज्यूंवर ठेवता येत नाही, असे कॅथलिक चर्चने अधिकृतपणे सांगितले ते १९६५ मध्ये. हा इतिहास माहीत असेल तरच २००४ सालच्या ‘द पॅशन ऑफ द ख्राइस्ट’भोवती एवढा वाद का झाला ते कळते. ‘याचे रक्त आमच्यावर आणि आमच्या मुलाबाळांवर असो’ अशा अर्थाचे जमावाचे एक वाक्य बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानात आहे. टीका झाल्यावर दिग्दर्शक मेल गिब्सनने त्या वाक्याचे उपशीर्षक काढले, पण अरामी भाषेतला उच्चार तसाच ठेवला. म्हणजे वाक्य ऐकू येते आणि बहुतेकांना कळत नाही. याच चित्रपटातली आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. ख्रिस्ताला फटके मारले हे शुभवर्तमानात जेमतेम एका वाक्यात आहे. चित्रपटात तो प्रसंग कितीतरी मिनिटे चालतो, आणि मांस उघडे पडेपर्यंत कॅमेरा हलत नाही. पोथीतली एक ओळ पडद्यावर किती लांबवायची हाही निर्णयच असतो, आणि तो श्रद्धेचा असतो की सवयीचा, याची शहानिशा प्रत्येकाने स्वतः करावी.

आता खऱ्या दुर्घटनांकडे वळू, आणि टायटॅनिकपाशीच थांबू, कारण एकाच आपत्तीचे किती उपयोग होतात हे तिथे फार स्पष्ट दिसते. हे जहाज १५ एप्रिल १९१२ च्या पहाटे बुडाले आणि दीड हजारांच्या आसपास माणसे मेली. त्यानंतर महिनाभरात त्यावरचा पहिला मूकपट तयार होता. त्यात नायिका होती डॉरोथी गिब्सन ही नटी, जी स्वतः त्या जहाजावरून वाचली होती, आणि त्या रात्री अंगावर होते तेच कपडे घालून तिने काम केले. त्या चित्रपटाची एकही प्रत आज उरलेली नाही, त्यामुळे पडद्यावर ती कशी दिसत होती हे कोणालाच पाहता येणार नाही. पण महिन्याभरात पुन्हा तेच कपडे चढवायला तिला काय वाटले असेल हा विचार मात्र सुटत नाही.

१९४३ मध्ये नाझी जर्मनीने याच विषयावर चित्रपट काढला. त्यात जहाजावर एक जर्मन अधिकारी घुसडला, जो अस्तित्वातच नव्हता. तो एकटा शहाणा आणि इंग्रज मालक पैशाला हपापलेले. दिग्दर्शक हर्बर्ट सेल्पिन याने चित्रीकरणाच्या वेळी सैन्याबद्दल वावगे बोलल्यावरून त्याला अटक झाली आणि तो कोठडीत गळफास लागलेल्या स्थितीत मेलेला सापडला. एवढे करून तयार झालेला चित्रपट नाझी प्रचारमंत्री गोबेल्सने जर्मनीत दाखवूच दिला नाही, कारण रोज बॉम्बहल्ले सोसणाऱ्या लोकांना बुडणाऱ्या माणसांचा आकांत दाखवणे परवडणारे नव्हते. ज्या ‘काप आर्कोना’ जहाजावर हे चित्रीकरण झाले, त्यावर १९४५ च्या मे महिन्यात छळछावण्यांतले कैदी कोंबलेले असताना ब्रिटिश विमानांनी बॉम्ब टाकले आणि हजारो कैदी मेले. टायटॅनिकवर मेले त्याहून कितीतरी जास्त. त्या जहाजाचे नाव मात्र फार थोड्यांना माहीत असते. कोणती आपत्ती लोकांच्या आठवणीत राहते यात तिच्या मोठेपणाइतकाच तिच्यावर निघालेल्या चित्रपटांचाही वाटा असतो.

मृत्यू दाखवावा कसा, यावरचा सर्वांत गंभीर विचार ज्यूंच्या संहाराच्या निमित्ताने झाला. १९६० साली ‘कापो’ नावाचा एक इटालियन चित्रपट आला. त्यात छावणीतली एक कैदी स्त्री विजेच्या तारांवर झेप घेऊन मरते, आणि त्या क्षणी कॅमेरा पुढे सरकून तिचा लोंबकळता हात चौकटीत नीटस बसवतो. पुढच्या वर्षी फ्रेंच समीक्षक आणि दिग्दर्शक जाक रिव्हेट याने या एका हालचालीवर अत्यंत कडक शब्दांत लिहिले. असे प्रेत सुंदर दिसावे म्हणून जो चौकट जुळवतो तो तिरस्कारालाच पात्र आहे, असा त्याच्या म्हणण्याचा आशय होता. तो प्रसंग खोटा होता असे रिव्हेटने म्हटले नाही. तशी माणसे खरोखर मेली होती. त्याचा आक्षेप कॅमेऱ्याच्या हौसेवर होता.

त्यानंतर या विषयाला हात घालणाऱ्या प्रत्येकाला आपली बाजू घ्यावी लागली. क्लोद लांझमान याने १९८५ मध्ये ‘शोआ’ केला: नऊ तासांहून मोठा, आणि त्यात छावण्यांचे एकही जुने चित्रण नाही, एकही प्रसंग नटांकडून करून घेतलेला नाही. वाचलेले लोक, शेजारचे गावकरी, काही गुन्हेगार बोलतात आणि कॅमेरा आजच्या गवतावरून, रुळांवरून फिरतो. स्टीव्हन स्पीलबर्गने १९९३ मध्ये ‘शिंडलर्स लिस्ट’मध्ये उलट मार्ग धरला, कृष्णधवल गर्दीत लाल कोट घातलेली एक लहान मुलगी दाखवली आणि जगभरच्या कोट्यवधी लोकांना मृतांच्या आकड्यामागचे एक माणूस दिसले. लांझमानला हे मान्य नव्हते. अगदी अलीकडे, २०२३ मध्ये, ‘द झोन ऑफ इंटरेस्ट’ने तिसरी वाट काढली: ऑशविट्झच्या कमांडंटचे घर, बाग, पोहायचा हौद, मुलांचे वाढदिवस, आणि बागेच्या भिंतीपलीकडे छावणी, जिचे फक्त आवाज येतात. मला स्वतःला हे तिन्ही चित्रपट एकमेकांची गरज असलेले वाटतात. लांझमानचे नऊ तास बसून पाहणारे थोडे, आणि त्या थोड्यांपर्यंत पोहोचवणारा अनेकदा स्पीलबर्गच असतो.

आपल्या इतिहासातले उदाहरण घ्यायचे तर जालियनवाला बागेचे घेऊ. १३ एप्रिल १९१९ रोजी सैनिकांनी सुमारे दहा मिनिटे गोळीबार केला, १६५० फैरी झाडल्या आणि सरकारी आकड्याप्रमाणे ३७९ माणसे मेली. काँग्रेसच्या चौकशीने तो आकडा हजाराच्या आसपास धरला. १९८२ सालच्या ‘गांधी’मध्ये हा प्रसंग गोळीबार म्हणून येतो आणि लगेच चौकशी समितीसमोर डायरची साक्ष येते, म्हणजे आधी दृश्य आणि मग त्याचा हिशेब. २०२१ सालचा ‘सरदार उधम’ गोळीबारापाशी थांबत नाही. संध्याकाळ होते, संचारबंदी लागू असल्यामुळे कोणी मदतीला येत नाही, आणि तरुण उधम रात्रभर प्रेतांच्या खचातून जिवंत माणसे शोधून हातगाडीवरून नेत राहतो. हा भाग संपता संपत नाही, आणि तसा तो मुद्दामच केला आहे. उधमसिंग त्या दिवशी बागेत होते की नव्हते याबद्दल इतिहासकारांत एकमत नाही. तरीही ही भर मर्डॉकच्या माथी मारलेल्या गोळीबारासारखी वाटत नाही. जखमी माणसे रात्रभर तिथे तळमळत पडली होती हे साक्षींतून ठाऊक आहे. चित्रपटाने खरी रात्र घेतली आणि तिच्यातून चालणारा एक माणूस आपल्या पदरचा ठेवला. त्यामुळे कोणावर खोटा आळ आला नाही, आणि त्या ३७९ किंवा हजार माणसांना मरायला किती वेळ लागला ते कळले.

या सगळ्यात कायदा कुठे उभा असतो? चित्रपटाआधी सरकत जाणाऱ्या ‘सर्व पात्रे काल्पनिक असून’ या ओळीचा उगम पाहण्यासारखा आहे. १९३२ साली रशियाच्या झारच्या दरबारात वजन असलेल्या रासपुतीन या साधूच्या खुनावर हॉलीवूडने एक चित्रपट काढला. खुनात सामील असलेला राजपुत्र युसुपोव्ह आणि त्याची पत्नी तेव्हा हयात होते. आपल्यावरून बेतलेल्या स्त्रीची रासपुतीनने अब्रू घेतली असे सुचवले आहे, म्हणून युसुपोव्हच्या पत्नीने लंडनच्या न्यायालयात बदनामीचा दावा लावला आणि १९३४ मध्ये तो जिंकला. यातली काही पात्रे अजून जिवंत आहेत, असे त्या चित्रपटाच्या सुरुवातीला मोठ्या अभिमानाने लिहिले होते. त्या प्रकरणानंतर चित्रपट कंपन्यांनी नेमके उलटे लिहायला सुरुवात केली. आज दिसणारी ‘सत्यघटनेवर आधारित’ आणि ‘सत्यघटनेपासून प्रेरित’ ही लेबलेही याच धोरणातली आहेत. ‘आधारित’मध्ये घटनाक्रमाशी काही बांधिलकी सुचवलेली असते, ‘प्रेरित’मध्ये ठिणगी तेवढी खरी आणि बाकी स्वातंत्र्य. पण या शब्दांवर फार विसंबू नये. ते वकील आणि जाहिरातवाले मिळून ठरवतात.

भारतात १९५२ च्या कायद्याखाली परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र लागते, आणि देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता, बदनामी, न्यायालयाचा अवमान या कारणांवरून ते नाकारता येते. यातले शेवटचे कारण रुक्ष वाटते, पण दुर्घटनांवरच्या चित्रपटांना ते फार जवळून लागते. १२ मार्च १९९३ च्या मुंबईतल्या बॉम्बस्फोटांत २५७ लोक मेले. त्यावरचा ‘ब्लॅक फ्रायडे’ जानेवारी २००५ मध्ये प्रदर्शित व्हायचा होता, आणि त्यात आरोपी खऱ्या नावांनी होते. टाडा या दहशतवादविरोधी कायद्याखालच्या न्यायालयाचा निकाल अजून लागायचा होता. आरोपींच्या अर्जावरून मुंबई उच्च न्यायालयाने निकाल येईपर्यंत प्रदर्शन रोखले आणि चित्रपट लोकांसमोर आला तो फेब्रुवारी २००७ मध्ये. चित्रपट उत्तम आहे, तरी तो निर्णय मला चुकीचा वाटत नाही. खटला चालू असताना पडद्यावर गुन्हा करताना दिसलेला माणूस पाहणाऱ्याच्या मनात दोषी ठरून गेलेला असतो.

मात्र ‘लोक भडकतील’ हे कारण न्यायालयांनी इतक्या सहजी मानलेले नाही. १९८८ च्या जानेवारीत दूरदर्शनवर गोविंद निहलानींची फाळणीवरची ‘तमस’ सुरू झाली तेव्हा ती थांबवावी म्हणून मुंबई उच्च न्यायालयात अर्ज झाला. न्यायमूर्ती लेंटिन आणि न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांनी सगळे भाग आधी स्वतः पाहिले आणि मग प्रक्षेपणाला मोकळीक दिली. सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरताना नागपूरच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी कधीकाळी घालून दिलेली कसोटी वापरली. दृश्याचा परिणाम मोजायचा तो समंजस, खंबीर माणसाच्या मापाने. प्रत्येक विरोधी मतात धोका हुंगणाऱ्याच्या मापाने नव्हे. आधी पाहणे आणि मग बोलणे, ही न्यायमूर्तींनी पाळलेली शिस्त वॉशिंग्टनमधल्या त्या टोळीपाशी नव्हती.

पुन्हा तुकोबांकडे येऊ, कारण धार्मिक कथा आणि खरी आपत्ती हे दोन्ही त्यांच्याच आयुष्यात एकत्र आहेत. त्यांच्या शेवटाबद्दल वैकुंठगमन, जलसमाधी, घातपात अशी परस्परांना छेद देणारी मते मांडली गेली आहेत. १९३६ च्या बोलपटाने वैकुंठगमन निवडले, आणि ते निवडताना आवलीला खाली ठेवले. घर आणि पोरे टाकून ती कशी जाणार? विमान आकाशात जाते आणि कॅमेऱ्याला मागे राहिलेली बाईही दिसते. चमत्कार आणि त्याची घरात पडलेली किंमत अशी शेजारी ठेवलेली मला दुसऱ्या कुठल्या संतपटात इतकी स्पष्ट दिसलेली नाही.

पण त्याआधीचा, सोळाशे तीसच्या आसपासचा दुष्काळ राहतोच. त्यात तुकोबांची पहिली बायको गेली. ही आपत्ती कागदोपत्री शोधावी लागत नाही, ज्याच्यावर ती कोसळली त्यानेच लिहून ठेवली आहे: ‘दुष्काळें आटिलें द्रव्यें नेला मान । स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली ॥’ एवढेच. तिचा चेहरा नाही, शेवटचा शब्द नाही, किती दिवस उपास पडला ते नाही. या अर्ध्या ओळीवर एखाद्या दिग्दर्शकाला वीस मिनिटे चित्रीकरण करता येईल, आणि कदाचित करावेसेही वाटेल. तुकोबांनी पुढच्या चरणात लाज वाटली, व्यवसायात तूट आली असे म्हटले, आणि त्याच्या पुढच्या चरणात ते देवाच्या भंगलेल्या देवळाच्या डागडुजीकडे वळले.